हलालचा हिशेब खाटकाच्या दुकानातच मिटवावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी पुण्यात राहते, माहेर रत्नागिरीकडचं, सासर सोलापूरचं. घरात पाच माणसं: नवरा-बायको दोघं नोकरी करणारे, सहा वर्षांचा मुलगा, सासू आणि मधुमेह असलेले सासरे. इतकी वर्षं स्वयंपाक सासूबाई बघायच्या, आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत. ती लिहिते, "आपा, रोजचं हलाल जेवण आखायचं कसं? मटण रोज परवडत नाही, पाकिटं वाचून वाचून डोकं उठतं, आणि मी कोळंबी आणली की सासरे ताटावरून उठतात."

तू आपा म्हटलंस, म्हणून मीही अहो-जाहो करत बसत नाही. मी खेडची, संसार पुण्यात झाला, आणि चोवीस वर्षं डबे देते. एके काळी दिवसाला नव्वद होते, आता चाळीसच घेते. त्यामुळे जे सांगते ते ओट्यापाशी उभं राहून शिकलेलं आहे. फतवा देणं माझं काम नाही. जिथे मसल्याचा, म्हणजे धर्मनियमाचा, प्रश्न येईल तिथे तुमच्या मशिदीतल्या मौलानांना विचार.

आधी डोक्यावरचं अर्धं ओझं उतरवते. तूरडाळ, ज्वारी, तांदूळ, वांगं, मेथी, दही, अंडी, शेंगदाणे, गूळ, कोकम, चिंच. यातलं काय हलाल नाही? तुझ्या सासूबाईंनी इतकी वर्षं जे रांधलं त्यातला मोठा भाग असाच होता, म्हणून त्यांना कधी "हलाल आखणी" करावी लागली नाही. आपल्याकडच्या स्वयंपाकात हा प्रश्न दोनच दारांतून आत येतो, एक मांस आणि दुसरं बंद पाकीट. या दोन दारांवर खरेदीच्या वेळी नीट पहारा ठेवला की रोज गॅस पेटवताना मनात शंका घोळवायची गरज राहत नाही. तिथे फक्त चव, वेळ आणि पैसा बघायचा. तुझी दमछाक होतेय ती दोन्ही प्रश्न तू रोज संध्याकाळी सात वाजता एकदम सोडवायला बसतेस म्हणून.

मांसापासून सुरू करते, कारण खरी मेहनत तिथेच आहे, आणि ती एकदाच करायची आहे.

एक दुकान ठरव. दोन-तीन दिवस सकाळी लवकर जा आणि नुसतं बघ. जबह, म्हणजे हलाल पद्धतीने कापणं, असं असतं: जनावर जिवंत आणि धडधाकट असताना, अल्लाहचं नाव घेऊन, धारदार सुरीने मान कापली जाते. श्वासनलिका, अन्ननलिका आणि मानेतल्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या कापून रक्त वाहू दिलं जातं. शहरात बकरं दुकानात कापलेलं दिसणार नाही, ते कत्तलखान्यातून येतं. मुंबईत देवनार आहे, तशी प्रत्येक मोठ्या शहराची आपापली सोय असते. त्यामुळे मटणवाल्याला सरळ विचारायचं, "माल कुठून येतो, जबह कोण करतो?" चांगला दुकानदार या प्रश्नाने रागावत नाही. जो रागावतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जायचं नाही, एवढी साधी कसोटी मी लावते.

आपल्याकडे ही चौकशी काही नवी नाही. महाराष्ट्रातल्या गावगाड्यात मुलाणी होता, बलुतेदारांच्या कित्येक याद्यांत त्याचं नाव येतं. गावच्या जत्रेचं बकरंसुद्धा बऱ्याच ठिकाणी मुलाण्याच्याच हातून कापलं जाई, मग खाणारा कुणी का असेना. गावात कोण कापतो हे सगळ्यांना ठाऊक असायचं, म्हणून कुणी विचारत नसे. शहरात ते ठाऊक नसतं, म्हणून विचारावं लागतं.

कोंबडीच्या दुकानात मात्र डोळ्यांनी बघता येतं आणि बघायलाच हवं. घाई तिथेच होते. रविवारी रांग लागलेली असते, पोरगा मान कापतो आणि कोंबडी तडफडत असतानाच गरम पाण्यात किंवा पिसं काढायच्या यंत्रात टाकतो. हे चुकीचं आहे. रक्त वाहून ती पूर्ण शांत व्हायला दोन-तीन मिनिटं द्यायला हवीत. दुकानात उलटे शंकू लावलेले असतील आणि कोंबडी त्यात निथळत ठेवत असतील तर ते दुकान बरं समज. आणि रविवारी जाऊच नको. आपल्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार हे सगळ्यांचेच सामिषाचे वार. माल या तिन्ही दिवशी ताजा असतो, पण बुधवारी सकाळी गर्दी कमी आणि कापणाऱ्याच्या हाताला उसंत असते. "नळी वेगळी दे, सीना बारीक कर, चरबी काढ" हे त्या दिवशी तो ऐकून घेतो.

खिमा नेहमी समोर करून घ्यायचा. तुकडे आधी बघायचे, मग यंत्रात टाकायला सांगायचं. आधीच करून ठेवलेल्या खिम्यात काय काय गेलं आहे ते कुणालाच कळत नाही, आणि शिळा खिमा सगळ्यांत लवकर बिघडतो. मटण घेताना गदूद म्हणजे गाठी काढून घे. हनफी मजहबाच्या, म्हणजे त्या धर्मनियमांच्या पंथाच्या, घरांत जनावराचे सात भाग खात नाहीत: वाहतं रक्त, नर-मादीची जननेंद्रियं, कपुरे (वृषण), गाठी, मूत्राशय आणि पित्ताशय. कलेजी, गुर्दे, तिल्ली (प्लीहा), पाया, भेजा चालतं. पाठीच्या मणक्यातली पांढरी दोरी, जिला हराम मग्ज म्हणतात, ती बऱ्याच घरांत काढून टाकतात. सासूबाईंना विचार, त्या काय करतात तेच कर. अशा गोष्टींत घराचा रिवाज बदलून काही हाती लागत नाही.

"बडं" घेत असाल तर एक लक्षात ठेव. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे बडं म्हणजे म्हशीचं किंवा रेड्याचंच असायला हवं. परवाना असलेल्या दुकानातून घ्यायचं आणि पावती मागायची.

आता धुण्याबद्दल, कारण इथे अनेक सुना रडकुंडीला येतात. मटण आठ-आठ पाण्यांतून काढायचं, पाणी पांढरं होईपर्यंत थांबायचं, ही खटपट कशासाठी? कुरआनात मनाई आहे ती वाहत्या रक्ताची, सूरह अनआमच्या १४५व्या आयतीत ते स्पष्ट आहे. नीट जबह झालेल्या जनावराच्या स्नायूंत जो लाल अंश उरतो तो त्यात येत नाही. तो बराचसा मांसाचा स्वतःचा रंग असतो. कलेजी आणि तिल्ली तर रक्तासारखीच दिसतात, तरी हदीसमध्ये त्यांना परवानगी आहे. हाडाचे कण आणि केस निघतील इतपत दोन पाण्यांतून काढ, चाळणीत निथळत ठेव. जास्त धुतलंस तर चव गटारात जाते. कोंबडी तर नळाच्या जोरदार धारेखाली धरूच नको, तिच्यावरचे जंतू शिंतोड्यांबरोबर ओटाभर पसरतात. पातेल्यात पाणी घेऊन हळू खळबळायची आणि मग पातेलं, ओटा, हात साबणाने धुवायचे.

दुकानातल्या गोठवलेल्या कोंबडीच्या पाकिटावर हलालचा शिक्का असेल तर तो कुठल्या संस्थेचा आहे ते वाच. असे शिक्के देणाऱ्या संस्था खासगी किंवा धार्मिक असतात. पाकिटावर असतो तो एफएसएसएआय या सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा परवाना, त्याचा हलालशी संबंध नाही. परवाना क्रमांक बघून समाधान मानणारे बरेच भेटतात.

कोळंबीचा प्रश्न. हसू नको, पण गेल्या चोवीस वर्षांत हा प्रश्न मला निदान पन्नास घरांतून आला असेल, आणि प्रत्येक वेळी सून कोकणची आणि सासर घाटावरचं असतं. तू शाफई घरातली, आपल्या मजहबमध्ये समुद्रातलं जवळपास सगळं चालतं. कोळंबी, माकुल (स्क्विड), तिसऱ्या (शिंपल्या), सगळं आपण लहानपणापासून खात आलो. खेकड्याबद्दल मात्र आपल्यातही मतं वेगवेगळी आहेत. तुझे सासरे हनफी. त्यांच्यात पाण्यातलं फक्त मासा हलाल, त्यामुळे तिसऱ्या, माकुल, खेकडा बाद. कोळंबी मासा आहे की नाही यावर हनफी उलेमांमध्येच एकमत नाही. काही खातात, काही टाळतात, काही मकरूह, म्हणजे टाळलेलं बरं, म्हणतात. म्हणजे सासरे हट्ट करत नाहीत आणि तूही चुकत नाहीस.

यातून मार्ग असा. सगळ्यांना चालणारे मासे आठवड्याच्या जेवणात धर: पापलेट, सुरमई, बांगडा, बोंबील, रावस. माशाला जबह लागत नाही, त्यामुळे कुठल्याही कोळणीकडून घेता येतो, ही केवढी सोय आहे बघ. कोळंबी हवीच असेल तर सासरे गावी गेलेले असतील तेव्हा, किंवा वेगळ्या कढईत, वेगळ्या तेलात. त्याच तेलात त्यांच्यासाठी बोंबील तळू नकोस. आणि हे त्यांच्याशी बोलायचं काम सासूबाईंवर सोड. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात येतो तो बहुतेक बर्फातला किंवा परराज्यातला मासा असतो. त्या दोन महिन्यांसाठी मे महिन्यातच सुके बोंबील आणि सुकट भरून ठेव. सुकट म्हणजे बारीक कोळंबीच, त्यामुळे तीही सासऱ्यांना चालेल का ते आधी विचार.

दुसरं दार, पाकीट. इथे आपल्या देशात राहण्याचा एक मोठा फायदा आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाकिटावर हिरव्या चौकटीत हिरवा गोल असेल तर त्यात दूध, मध असे पदार्थ सोडले तर प्राण्यांपासून आलेलं काही नसतं. म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं जिलेटिन नाही, डुकराची चरबी नाही, किड्यापासून काढलेला लाल रंग नाही. घटकांच्या यादीत ४७१ हा आकडा बघून बायका घाबरतात, कारण तो चरबीपासून केलेला पदार्थ प्राण्याचाही असू शकतो आणि वनस्पतीचाही. हिरवा गोल असेल तर तो वनस्पतीचा, विषय संपला. चीजमध्येही तेच. हिरव्या गोलाच्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध गोठवणारं रेनेट वापरता येत नाही.

पण हिरवा गोल दारूबद्दल काहीच सांगत नाही. दारू शाकाहारीच असते! व्हॅनिला आणि इतर अर्कांच्या बाटल्या, परदेशी चवीचे सॉस, नाताळातला रममध्ये भिजवलेल्या सुक्या मेव्याचा केक, भरलेली चॉकलेटं. यांच्यावर हिरवा गोल असला तरी घटक वाचावेच लागतात. मी घरच्या केकला वेलची वापरते किंवा व्हॅनिलाची पावडर घेते. सोया सॉस नैसर्गिकरीत्या आंबवलेला असेल तर त्यात थोडा अल्कोहोल तयार होतो, त्याबद्दल मतं वेगळी आहेत. मी तो ठेवतच नाही, आपल्या जेवणाचं त्याच्यावाचून काही अडत नाही.

उलट, तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण म्हणजे लगेच हराम असंही नाही. आपल्या नियमांत अंडंसुद्धा मांसाहारी धरतात. बिस्किटात फक्त अंडं असेल तर त्रिकोण येतो आणि तरी ते हलाल असतं. त्रिकोण दिसला की यादी वाचायची आणि जिलेटिन, १२० क्रमांकाचा रंग (तोच किड्यापासूनचा लाल), नाव न सांगितलेली प्राण्याची चरबी यांतलं काही आढळलं तर परत फळीवर ठेवायचं. मिठाईवरच्या चांदीच्या वर्खाचीही पूर्वी धास्ती असायची, कारण तो जनावराच्या आतड्याच्या पानांत कुटत. २०१६ मध्ये एफएसएसएआयने वर्ख बनवताना प्राणिजन्य काहीही वापरायला मनाई केली आहे. तरी मी सुट्या मिठाईवरचा वर्ख नको म्हणूनच सांगते, जुनी सवय.

माझी फजिती सांगते. एका रमजानात इफ्तारच्या ऑर्डरसाठी चाळीस वाट्या फ्रूट कस्टर्ड करायचं होतं, वर लाल जेलीचे तुकडे. मदतीच्या मुलीला दुकानात पाठवलं. तिने नेहमीची चिनी गवताची (अगर-अगरची) पुडी मिळाली नाही म्हणून दुसरं पाकीट आणलं. मी घाईत होते, न बघता उकळलं, ओतलं, थंड केलं. सगळं झाल्यावर रिकामं पाकीट केरात टाकताना ती तपकिरी खूण दिसली. जिलेटिन. अस्रची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, अजान झालेली, आणि मी चाळीस वाट्यांतून चमच्याने जेली काढतेय. मग लक्षात आलं की जेली नुसती वर ठेवलेली नव्हती, पाझरून कस्टर्डमध्ये उतरली होती. सगळं फेकलं आणि बाजारातून खजूर, कलिंगड आणून पाठवलं. त्या दिवसापासून माझ्या कपाटाच्या दाराच्या आत एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर वाचून पारखलेल्या वस्तूंची नावं, तारखेसह. त्या कागदावर नसलेली वस्तू फळीवर चढत नाही. पाकिटाचं चित्र बदललं की पुन्हा वाचायची, कारण बऱ्याचदा आतलं सामानही बदललेलं असतं. तुला असा कागद एका संध्याकाळी करता येईल. घरात अशा बंद वस्तू मोजून पंचवीस-तीस निघतात, त्याहून जास्त नाहीत.

आता आठवडा. इथे माझं मत ठाम आहे: आठवडा मटणाभोवती आखायचा नाही. तो डाळ-भाजीभोवती आखायचा आणि मटण त्यात विरघळवायचं. आपल्या जुन्या घरांत हेच होतं. नुसत्या मटणाचा रस्सा पाहुण्यांसाठी. एरवी आलू-गोश्त, भेंडी-गोश्त, शिराळ्याचं सालन, पालक-गोश्त, शेपू घातलेला खिमा. पाव किलो मटणात सहा माणसं पोटभर जेवायची आणि भाजीला हाडाची चव लागायची. हल्ली आपण मटण म्हणजे किलोभर आणि वर भात असं समजायला लागलो, म्हणून ते परवडेनासं झालं.

पाच माणसांसाठी एक किलो मटणाचे तीन स्वयंपाक होतात. बुधवारी सकाळी घ्यायचं: पाव किलो खिमा आणि पाऊण किलो हाडासकट, त्यात दस्त (पुढचा पाय) आणि सीन्याचे (छातीचे) अर्धा किलो चांगले तुकडे, पाव किलो मान आणि नळ्या.

बुधवारी रात्री खिमा, कारण तो टिकत नाही. दोन जुड्या मेथी निवडून, बारीक चिरून, मीठ लावून पिळलेली. कांदा तांबूस झाला की आलं-लसूण, हळद, तिखट, खिमा. त्याचं पाणी आटून तेल सुटेपर्यंत परतायचं, मग टोमॅटो, शेवटी मेथी. वरून झाकण ठेवायचं नाही, मेथी काळी पडते. ज्वारीच्या भाकरीबरोबर हा खिमा सोलापूरच्या माणसाला आवडला नाही असं मी अजून बघितलेलं नाही.

गुरुवारी मांस नाही. आमटी, एक भाजी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी.

शुक्रवारी जुम्मा, भात हवाच. चांगल्या तुकड्यांची अखनी कर. कोकणातली अखनी म्हणजे बिर्याणीची धाकटी बहीण, काम तिच्या एकतृतीयांश. मटण खडा मसाला, आलं-लसूण, हिरवी मिरची, दही आणि कोथिंबीर-पुदिन्यात आदल्या रात्री मुरवून ठेवायचं. सकाळी कुकरमध्ये पाऊण शिजवून घे. तळलेला कांदा, बटाट्याचे मोठे तुकडे आणि अर्धा तास भिजवलेला तांदूळ घालून, तांदळाच्या दीडपट रस्सा मोजून दम दे. बुधवारी आणलेलं मटण दोन रात्री फ्रिजमध्ये राहतं त्याचा इथे फायदाच होतो. जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू ताठ होतात, त्या अवस्थेत शिजवलं की ते चामड्यासारखं लागतं. एक दिवस थंडाव्यात राहिलं की पुन्हा मऊ पडतं. म्हणून "ताजंच आणलं, तरी शिजेना" ही तक्रार खरी असते.

शनिवारी दाल्चा. तुझ्यासारख्या घाईतल्या बाईला याच्यासारखं काही नाही. मान आणि नळ्या, एक वाटी चणाडाळ, मूठभर तूरडाळ, हळद, मीठ, कुकरला सहा-सात शिट्ट्या. दुसऱ्या भांड्यात कांदा, आलं-लसूण, तिखट, धणे-जिरे परतून त्यात अर्धा किलो दुधीचे मोठे तुकडे, मग डाळ-मटण. चिंचेचा कोळ अगदी शेवटी. आधी घातलास तर आंबटामुळे डाळ शिजत नाही. वरून कढीपत्ता आणि सुक्या मिरचीची फोडणी. बाकीच्यांना भात, सासऱ्यांना भाकरी. दाल्चा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, पण आमच्याकडे तो दुसरा दिवस कधी बघत नाही.

रविवारी कोंबडी, शनिवारी संध्याकाळी आणून ठेवलेली. एक किलो पुरते. अर्धी सुकी, अर्धी रस्सा, किंवा दोन तुकडे बाजूला काढून मुलासाठी उकडून ठेव. कोंबडीचा भाव मटणाच्या साधारण एकतृतीयांश, पण म्हणून आठवड्यात चार दिवस ब्रॉयलर खाऊन काही मजा नाही. दोन वेळा कर म्हणणारा नवरा असेल तर त्याला एकदा रांगेत उभं कर.

सोमवारी अंडी: कांदा-खोबऱ्याच्या वाटणातलं अंड्याचं कालवण, सासरी काळा मसाला घालत असतील तर तो. मंगळवारी मासा किंवा सुके बोंबील. झालं.

यात पोराचा डबा वेगळा धर. पुष्कळ शाळा डब्यात शाकाहारीच पाठवा म्हणतात, तेव्हा थालीपीठ, मेथी पराठा, शेवयांचा उपमा, घावन, उसळ-पोळी यांची आळीपाळी कर. तुझं काम उलट हलकं होतं, कारण त्याच्या डब्याचा मटणाशी संबंधच राहत नाही. सासऱ्यांना भाताचा वाडगा लहान, भाजी आधी, आणि शुक्रवारच्या अखनीतले बटाटे त्यांच्या ताटात नकोत. बाकी पथ्य डॉक्टर सांगतील तसं.

हे सगळं जमतं ते तयारी असेल तर, आणि माझी तयारी म्हणजे फक्त तीन बरण्या. पहिली तळलेल्या कांद्याची. किलोभर कांदा उभा पातळ चिरून तळला की जेमतेम पाव किलो उरतो, हे बघून पहिल्यांदा जीव हळहळतो. पण कोरडा करून घट्ट डब्यात फ्रिजमध्ये ठेवला तर दोन-तीन आठवडे राहतो, आणि कुठलंही सालन वीस मिनिटं लवकर होतं. दुसरी आलं-लसणाची. लसूण थोडा जास्त, आलं थोडं कमी, पाण्याऐवजी चमचा-दोन चमचे तेल आणि मीठ घालून वाटायची, दहा दिवस छान टिकते. ओला चमचा घालणाऱ्याला ओरडायचं. तिसरी भाजलेल्या सुक्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटणाची. ही आठवड्याचीच कर, जास्त दिवसांनी खवट वास येतो.

साठवणीत मी कडक आहे. फ्रिज चार अंशांच्या आत हवा. कच्चा खिमा एक दिवस, कोंबडी दोन, मटण तीन, त्याहून जास्त ठेवायचं असेल तर आणल्या दिवशीच फ्रीजरमध्ये. एका वेळच्या मापाचे पातळ, चपटे पुडे करायचे आणि वर तारीख लिहायची. गोळा करून ठेवलेलं मटण आतून वितळेपर्यंत बाहेरून उतरायला लागतं. वितळवायचं ते रात्रभर फ्रिजच्या खालच्या फळीवर, ओट्यावर उघडं ठेवून नाही, आणि एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही. वीज जात असेल तिथे मटण दोन महिन्यांत आणि खिमा महिन्यात संपव. कच्चं मांस नेहमी सगळ्यांत खाली, झाकून. दह्यावर त्याचा एक थेंब पडला तरी दही गेलं.

रमजानात हा आराखडा मोडतो, मोडू दे. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून काही वर्षं उन्हाळ्यातले रोजे येतात, काही वर्षं थंडीतले. उन्हाळ्यात सहरीला खिमा-पराठा खाऊन दिवसभर तहान लागते. दही, अंडं, भाकरी बरी. इफ्तारची तळणं रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यातच करून गोठवून ठेवली तर संध्याकाळी नमाजेला वेळ मिळतो. सासूबाईंना बसल्या जागी समोसे भरता येतील. त्यांनाही रिकामं बसवत नसणार.

बकरी ईदला वेगळीच अडचण असते. तीन वाटे करायचे, एक घरचा, एक नातेवाइकांचा, एक गरिबांचा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण दहा घरांतून दहा पिशव्या येतात, आणि कुठल्या पिशवीत काय आहे ते कुणी बघत नाही. त्याच दिवशी दुपारी तासभर काढून वेगळं कर: हाडं आणि मान दाल्च्यासाठी, रानाचे (मांडीचे) तुकडे अखनीसाठी, बाकीचा खिमा. गरम मांस थेट कोंबून फ्रीजर भरू नकोस, आधी पसरून थंड होऊ दे. कलेजी आणि भेजा त्याच दिवशी खायचे.

येत्या बुधवारी दुकानात जाताना घरून दोन झाकणाचे डबे ने, एक खिम्याला आणि एक मटणाला. काळ्या पिशवीतून दुपारच्या उन्हात आणलेलं मटण घरी पोचेपर्यंत कोमट झालेलं असतं, आणि मग तीन दिवसांचा हिशेब पहिल्याच दिवशी चुकतो. ऑफिस गाठायचं असेल तर नवऱ्याला पाठव. "गदूद काढून, खिमा समोर" हे चार शब्द मात्र त्याच्याकडून आधी म्हणवून घे.